हळद आत न जाणारा कॅमेरा

तू म्हणालास, "काढ," आणि रश्मीनं काढलं.

फोटो नाही. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि रोल काढायला आत बोटं घातली. जेजुरीच्या पायऱ्यांवर, दुपारच्या कडक उन्हात. फिल्मची तपकिरी पट्टी सगळ्यांना दिसेल अशी उघडी पडली. तिनं बिचारीनं विचारलं पण होतं. चार पायऱ्या खाली उभी राहून, त्या गोंगाटात, "पापाजी, निकालूँ?" आणि तू माझ्या शेजारी टोपी सरळ करत मोठ्यानं म्हणालास, "हो, काढ, काढ."

बाळू, मी तुझी थोरली बहीण. तुला कडेवर घेऊन फिरवलेलं आहे. तुझा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. तुझी बायको, शालन, गेली तेव्हा तू रडला होतास. या वेळी तुला रडायलाही सुचलं नाही.

आता ऐक. फोटो आले आहेत.

हे मला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि ज्याला सांगायचं तो तूच. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढू नकोस. बघ, इथेही तोच शब्द आला.

तुझ्या नितीनचं रश्मीशी लग्न झालं त्या दिवसापासून तू धोशा लावला होतास की नव्या जोडप्याला कुलदैवताला न्यायचं. आपले लोक फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले आणि इथलेच झाले. देव मात्र तिकडेच राहिला. आबांनी आपल्याला लहानपणी एकदा नेलं होतं. त्यानंतर आपलं कुणाचं जाणं झालं नाही. नितीन म्हणाला, चला, सुट्टी काढतो. एवढं म्हणायचा अवकाश, तू कॅमेऱ्यावर गेलास.

नितीननं सांगून पाहिलं की फोन आहे ना, त्यात खींचा. तू म्हणालास की फोनमधले फोटो कुणी बघत नाही, ते नुसते साठतात. तुला रोलचाच कॅमेरा पाहिजे होता. मोजके फोटो, विचार करून खींचलेले, हातात धरता येतील असे. तुझा जुना कॅमेरा केव्हाच बुरशी लागून गेला होता. पण त्यावर घरातल्या प्रत्येक लग्नाचे, बारशाचे फोटो तूच खींचलेस, आणि म्हणून तू एकाही फोटोत नाहीस. आपल्या दोघांचा एकत्र असा तर एकही फोटो नव्हता. तू म्हणालास, "आक्का, या वेळी एक आपला." मी म्हटलं, या वयात कोण बघणार आपली तोंडं. मला हवा होता. बोलले नाही, एवढंच.

मग काय, घरात दुसरं बोलणंच नाही. जेवताना कॅमेरा, भाजी निवडताना कॅमेरा. तू फोनवर माणसं बघत बसायचास, कॅमेरे हातात घेऊन बडबडणारी, आणि मला बोलवायचास. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तू इतका खुशीत होतास की मी डाळ चुलीवर ठेवून येऊन बसायचे. नितीनच्या मित्रानं त्याचा मोठा कॅमेरा देऊ केला, बदलायच्या काचांसकट. तू तो गळ्यात घालून जिना चढलास आणि वर येऊन धापा टाकत म्हणालास, हा देवाला जाणार नाही. मग एक प्लॅस्टिकचा स्वस्तातला, खेळण्यातला वाटावा असा. तो उन्हात ठीक, पण गाभाऱ्याच्या अंधारात काही दिसणार नाही म्हणून तोही गेला. लहान पाहिजे, खिशात मावणारा पाहिजे, अंधारात आपला आपण उजेड पाडणारा पाहिजे, आणि रश्मीच्या हातात दिला तर तिला काही फिरवावं-जुळवावं लागू नये.

मी म्हटलं, हे सगळं झालं, पण भंडाऱ्याचं काय? तिथे माणसं ओंजळी भरभरून हळद उधळतात. कानात जाते, नाकात जाते, पोलक्याच्या आत जाते. कॅमेऱ्यात जाणार नाही?

तू माझ्याकडे असा पाहिलास की जणू मी मॅट्रिक झाले.

म्हणून इंदरगंजच्या त्या दुकानात मी हळदीची पुडी घेऊन गेले. तुला सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर तू नेलं नसतंस. दुकानदारानं काचेवर तीन जुने कॅमेरे मांडले. तू एकेक डोळ्याला लावून बघत होतास, तो तुला ग्राहक समजून चहा मागवत होता, आणि मी पुडी सोडून चिमूटभर हळद मधल्या कॅमेऱ्यावर टाकली आणि फुंकर मारली.

तो एकदम उभाच राहिला. "माताजी, ये क्या कर रही हैं आप?"

मी म्हटलं, देख रही हूँ, अंदर जाती है कि नहीं. काचेच्या कडेला, बटणाच्या फटीत, सगळीकडे पिवळं झालं. गेली होती आत. तू हात जोडून माफी मागत होतास आणि मान खाली घालून हसत पण होतास. चहा आला तो त्यानं आपल्याला दिला नाही. बाहेर येऊन तू मला रस्त्यात रागावलास की आता या बाजारात मला तोंड दाखवता येणार नाही. मग नुक्कडवर थांबून विचारलंस, "पुडी उरली आहे का?"

उरलेली मुरारला वापरली. तिथल्या त्या रिटायर फौजीच्या घरी, ज्याची मुलगी बाहेरदेशी गेली आणि तिचा कॅमेरा कपाटात पडून होता. त्याच्यासमोर मात्र आधी परवानगी घेतली. तोंडावर सरकतं झाकण असलेला, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा. झाकण सरकवलं की काच लपते आणि कॅमेरा झोपतो. मी हळद टाकली, फुंकर मारली, झटकली, झाकण उघडलं. काच स्वच्छ. फौजीची बायको म्हणाली, "बहनजी, अब मसाला भी डाल दो." मी एका हातानं उघडून पाहिला, कारण दुसऱ्या हातात माझी काठी असणार. उघडला. तू माझ्याकडे बघत राहिलास. कॅमेरा ठरला.

घरी येऊन तू खाटेवर सगळं मांडलंस. कॅमेरा, एक जादा बॅटरी, जाड आणि बुटकी, मनगटात अडकवायची दोरी, पुसायला माझ्या जुन्या मलमलच्या पातळाचा तुकडा आणि दोन रोल. एक रंगीत, दुसरा काळा-पांढरा, कारण ग्वाल्हेरात धुंडून तेवढेच मिळाले. मी म्हटलं, जेजुरीला काळा-पांढरा? सगळा डोंगर पिवळा असतो, तो काय दुखवट्यासारखा खींचणार? तू म्हणालास, असू दे जवळ. मी म्हटलं, वजन वाढेल. रोलचं वजन ते किती, पण मला हरायचं नव्हतं.

आणि मग तू रंगीत रोल भरलास आणि झाकण बंद केलंस. कॅमेरा घुर्र करून जो सुरू झाला तो थांबेचना. मला वाटलं बिघडला, फौजीनं फसवलं. तू टाळी वाजवलीस. हाच तर यात गुण आहे, म्हणालास. दुसरे कॅमेरे एकेक फोटो खींचला की फिल्म पुढे ओढतात. हा आधीच सगळी फिल्म बाहेर ओढून गुंडाळून ठेवतो, आणि फोटो खींचला की तेवढा तुकडा परत डबीत घेतो. आकडा पण उलटा, मोठ्याकडून लहानाकडे.

मी म्हटलं, हा उलट्या डोक्याचा आहे.

तू म्हणालास, "आक्का, आपल्या घरात कुणीतरी झाकण उघडणारच. तेव्हा खींचलेले तरी डबीत राहतील."

मला पटलं नाही. उजेड म्हणजे उजेड, तो डबीच्या फटीतून पण शिरणार. तिथूनच आपली भांडणं सुरू झाली. स्टेशनवर सामान तपासायच्या मशीनमधून रोल घालायचे नाहीत, असं तू मला बजावलंस, तेव्हा मी रोल भरलेला कॅमेरा आणि दुसरा रोल माझ्या बटव्यात सुपारीबरोबर ठेवले आणि बटवा कमरेला खोवला. शिपायाला म्हटलं, बेटा, दवाई है. तू पुढे निघून गेलास, ओळख नसल्यासारखा.

जेजुरीच्या पायथ्याशी ती भंडारा विकणारी बाई आठवते का? तू तिच्याशी किती आपुलकीनं बोलायला गेलास, आणि तिनं विचारलं, कुठले तुम्ही? तू म्हणालास, ग्वाल्हेर. ती म्हणाली, "हिंदीवाले असून मराठी बरी बोलता की."

तिनं कौतुकच केलं होतं. पण तुला ते लागलं. घरात रश्मीशी मराठीतच बोला म्हणून तू आम्हा सगळ्यांच्या मागे असायचास. मी म्हणायचे, पोरगी भिंडकडची आहे, तिला समजेल असं बोल, मराठी हळूहळू येईल. तू म्हणायचास, असं हळूहळू म्हणत म्हणतच आपली जाईल. हा आपला वाद लग्नाच्या मांडवात सुरू झाला होता. त्या बाईनंतर तू एकदम पुस्तकात लिहितात तसं बोलायला लागलास. पाणी मागताना सुद्धा. नितीन माझ्या कानात म्हणाला, "आत्या, पापा को क्या हो गया?"

पायऱ्या सुरू झाल्या. नवऱ्यानं बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायची रीत. नितीनचं पोट सुटलेलं, रश्मी अंगानं भरलेली. ती सासऱ्यासमोर लाजून नको नको म्हणत होती. मी म्हटलं, उचल रे, देव बघतोय. उचलली. दुसऱ्या पायरीला त्याचा चेहरा भरलेलं सिलिंडर उचलल्यासारखा झाला. वरून कुणीतरी भंडारा उधळला. तू पुढे पळालास, या वयात, उलट्या पावली पायऱ्या चढत, आणि खटकन बटण दाबलंस. "आला," म्हणालास. तसा आनंद मी तुझ्या तोंडावर तुझ्या स्वतःच्या लग्नात पण पाहिला नाही. पाचवी पायरी चढून नितीननं तिला खाली ठेवलं आणि कंबर धरून बसला. पुन्हा उचलायची काही सोय नव्हती.

मग तू कॅमेरा रश्मीच्या हातात दिलास आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिलास. आपला फोटो. आणि तिथे, त्या लोकांमध्ये, तुझ्या तोंडून खींच निघेना. तू म्हणालास, "काढ."

घरात काढ म्हणजे काय, ते ती आपल्याकडूनच शिकली होती. रश्मी, डब्यातून लाडू काढ. रश्मी, कपाटातून चादरी काढ. फोटोला तर आपण सगळे जन्मभर खींचच म्हणत आलो, मी पण, तू पण. तिला वाटलं, रोल संपला, पापाजी बाहेर काढायला सांगतायत. तिनं विचारून, नीट, सुनेसारखं काढलं.

तू धावलास, कॅमेरा हिसकलास, रोल उचललास आणि माझा पदर ओढून त्याखाली डोकं घातलंस. भर पायऱ्यांवर. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा शोधायला लागलं. तू आत बोटांनी रोलची खुंटी फिरवून बाहेरची पट्टी डबीत गुंडाळत होतास. पदराखालून तुझा आवाज आला, "काही झालेलं नाही." मी म्हटलं, सगळं गेलं. तू म्हणालास, आतलं आत आहे. मी म्हटलं, सगळं गेलं. रश्मी खालच्या पायरीवर बसून रडत होती आणि नितीन एका हातानं तिला आणि एका हातानं स्वतःची कंबर चोळत होता.

मग दुखवट्याचा रोल निघाला माझ्या बटव्यातून. तू तो भरलास, कॅमेरा पुन्हा घुर्र करत राहिला, आपण सगळे उभे राहून ऐकत होतो. तू कॅमेरा पुन्हा तिच्याच हातात दिलास. नितीन पुढे आला होता, त्याला बाजूला केलंस. हे तू बरं केलंस, बाळू. तुझ्या तोंडावर मी हे म्हणाले नव्हते. आणि माझ्या शेजारी उभा राहून, त्या सगळ्या मराठी लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, "खींच, बेटा."

परतीच्या गाडीत आपण भांडतच आलो. तू म्हणायचास नितीनचा रश्मीला उचललेला फोटो येणार, मी म्हणायचे धूर येणार. शेजारच्या बर्थवरच्या माणसानं तुझी बाजू घेतली, त्याला मी लाडू दिला नाही. घरी येऊन तू दोन्ही रोल धुवायला दिल्लीला पाठवलेस. ते परत यायच्या आत तू गेलास.

तू कसा गेलास ते लिहीत नाही. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे.

तेराव्याला हार घालायला तुझा फोटो नव्हता. घर पालथं घातलं. शेवटी तुझ्या पेन्शनच्या कागदावरचा मोठा करून आणला. त्यात तू पाकीट मारताना पकडल्यासारखा दिसतोस. रश्मी त्या फोटोसमोर उभी राहत नव्हती. एकदा मला म्हणाली, "बुआजी, पापाजी के हाथ के आखिरी फोटो मैंने जला दिए." मी म्हटलं, अजून आले नाहीत, आल्यावर रड. तिला असं म्हणाले खरी, पण गाडीत मी जे म्हणत होते तेच खरं निघणार याची मला भीती वाटत होती. पहिल्यांदा मला तुझ्याशी हरायचं होतं.

आणि ते आले. आधी तिच्या फोनवर. मी पोळी लाटत होते, ती जिन्यावरून ओरडत खाली आली, मी पोळी तव्यावर टाकून तशीच उठले. ती पोळी जळून गेली, वास गल्लीत गेला.

बाळू, तू जिंकलास. सगळे आहेत. खिडकीतून डोकं बाहेर काढलेला नितीन आहे. ती भंडारा विकणारी बाई आहे, हसणारी, आणि चांगली दिसते, मान्य करते. नितीननं उचललेली रश्मी आहे. तिचं तोंड उघडं, त्याचे डोळे बाहेर आलेले, आणि वरून येणारा भंडारा हवेतच थांबलेला, कण न् कण दिसतो. शेवटच्या फोटोत मी आहे, तुला काहीतरी सुनावताना, आणि माझ्या अर्ध्या तोंडावर नारिंगी पट्टा. तेवढाच उजेड डबीत शिरला. म्हणजे मी पण थोडी बरोबर होते. अर्ध्या तोंडापुरती.

आणि आपला. काळा-पांढरा. भंडारा सगळा पांढरा आला आहे, आपण दोघं पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे दिसतो. मी काठीवर रेलून, कपाळाला आठ्या. तुझी टोपी वाकडी, इतका वेळ सरळ करून सुद्धा. आणि तुझं तोंड उघडं आहे. कोणत्या शब्दावर, ते मला माहीत आहे.

कागदावर छापायला इंदरगंजलाच गेले, रश्मीला घेऊन. त्या दुकानदारानं मला ओळखलं आणि काचेवरचे कॅमेरे मागे सरकवले. "माताजी, हल्दी तो नहीं लाईं?" मग विचारलं, वो साहब नहीं आए? मी म्हटलं, नहीं रहे. तो फोटो छापायला लागला. आपला फोटो छापून निघाला तेव्हा जवळ धरून म्हणाला, बढ़िया आया है, किसने खींचा? मी रश्मीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "मैंने काढा." मराठीचा वाद तुझ्या-माझ्यात बरोबरीत सुटला, असं मी समजते. तुझं काही वेगळं म्हणणं असेल तर असू दे.

काल नितीन फोटो घेऊन बसला होता. म्हणाला, आत्या, यातला पापांचा भाग कापून मोठा करून आणतो, तो पेन्शनवाला उतरवू, याला हार घालू. समजून उमजूनच म्हणाला तो. कात्रीची रेघ कुठून जाईल ते बोटानं दाखवलं. माझ्या खांद्यापासून. तुझा हात माझ्या खांद्यावर आहे, तो पण गेला असता, निदान बोटं.

मी म्हटलं, कापायचा नाही.

तो म्हणाला, मग आहे तसाच लावू.

मी म्हटलं, लाव. पण हार नाही. हार घालायचाच असेल तर त्या पाकीटमाराला घाल.

रश्मीनं खिळा ठोकला, तुझ्या खाटेसमोर, माझ्या नजरेला येईल इतक्या उंचीवर. हार नाही घातला. घालता येत नाही. त्या फोटोत आपण दोघं आहोत, आणि त्यातली मी जिवंत आहे.